कुलूप काढा, पोरांना कम्प्युटर मोडू द्या!

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेत जातात, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

मागच्या आठवड्यात तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. काम वेगळंच होतं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट त्या एकाच शाळेची नाही. व्हरांड्यातून जाताना एका दारावर पाटी दिसली, 'संगणक कक्ष'. खाली भलंमोठं कुलूप. काचेतून डोकावलो. दहा कम्प्युटर ओळीने मांडलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरावर बोटभर धूळ. एका की-बोर्डावर तर पालीने संसार मांडलेला.

मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, हे चालू नाहीत का?"

सर म्हणाले, "चालू आहेत हो भाऊ. पण विंडोज टेन बंद झालं ना आता. यांच्यावर इलेव्हन बसत नाही म्हणे. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवतोय."

"आणि आधी, विंडोज टेन चालू होतं तेव्हा?"

सर हसले. खरं बोलले म्हणून त्यांचं कौतुक आहे. म्हणाले, "तेव्हाही कुलूपच होतं. पोरं सेटिंग बिघडवतात. एकदा बिघडलं की जळगावहून माणूस बोलवा, गोलाणीत डबा घेऊन जा, बिल कोण देणार? डेडस्टॉक रजिस्टरला नाव माझं आहे."

हे शेवटचं वाक्य चार दिवस डोक्यात फिरतंय, म्हणून लिहायला बसलो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शाळांमधले कम्प्युटर जुने झाल्यामुळे वाया गेले नाहीत. पोरांचा हात लागेल या भीतीने ते कुलपात वाया गेले. आता विंडोज टेनचं निमित्त करून तेच कम्प्युटर भंगारात जातील, नवे येतील, पेढे वाटून फीत कापली जाईल आणि नव्यांनाही कुलूप लागेल. पैसा आपलाच. पोरंही आपलीच.

आणि ही भीती घालवायला एक रुपयाही लागत नाही. लागते एक संध्याकाळ. कशी, ते खाली सांगतो, कारण मी स्वतः करून बघितलंय.

आधी विंडोज टेनचं नेमकं काय झालं ते समजून घ्या.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा मोफत आधार थांबवला. म्हणजे तुमचा कम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असं नाही. तो चालतो. फक्त सुरक्षेची नवी अपडेट यायची थांबली, म्हणजे व्हायरससाठी घराचं मागचं दार हळूहळू उघडं पडत जाणार. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. त्यानंतर तेही नाही.

विंडोज इलेव्हनसाठी कंपनीने अट घातली: टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप पाहिजे आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या सुमारास. म्हणजे २०१५-१६ ला घेतलेला आय-थ्री कम्प्युटर कितीही धडधाकट असला, तरी कंपनीच्या हिशोबात तो म्हातारा. पडदा चांगला, की-बोर्ड चांगला, हार्डडिस्क चांगली, तरी म्हणे बदला.

बैल दहा वर्षांचा झाला म्हणून कोणी कसायाला देत नाही. जड नांगर झेपत नसेल तर हलकी कोळपणी करून घेतो. आपण शेतकऱ्यांची पोरं, हे आपल्याला वेगळं शिकवायची गरज नाही.

ही हलकी कोळपणी म्हणजे लिनक्स.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, कम्प्युटर चालवणारा मूळ कारभारी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या पोराने तिचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांना खुला करून टाकला. रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८४ पासून लिहायला घेतलेली मोफत साधनं त्याला जोडली गेली. आज जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही त्याच गाभ्यावर बांधलेली वेगवेगळी घरं. यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. उतरवून घ्या, वापरा, दहा जणांना वाटा, कोणी लायसन मागायला येत नाही.

"हे काहीतरी परदेशी, शास्त्रज्ञांचं" असं वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन काढा. त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. म्हणजे महासंगणकावर चालतं, शेंगा विकणाऱ्याच्या फोनमध्ये चालतं, फक्त आपल्या शाळेत चालत नाही?

आता मुद्द्याची गोष्ट: व्हर्च्युअल मशीन.

नवं कपाशीचं बियाणं आलं की शहाणा शेतकरी पूर्ण वावरात पेरत नाही. बांधालगतच्या चार ओळी लावून बघतो. जमलं तर पुढच्या साली वाढवतो, नाही जमलं तर चार ओळी गेल्या, वावर वाचलं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कम्प्युटरमधल्या त्या चार ओळी. तुमच्या विंडोजच्या आत एक प्रोग्राम एक खोटा कम्प्युटर उभा करतो. त्याला खोटी हार्डडिस्क, खोटी मेमरी, खोटा पडदा. त्या खिडकीत तुम्ही लिनक्स बसवता. आतल्या लिनक्सला वाटतं आपण खऱ्या मशीनवर आहोत. बाहेर तुमचं विंडोज, तुमचे फोटो, तुमची टॅली जागच्या जागी. आतलं बिघडलं तर खिडकी बंद करा, विषय संपला. कल्पना काही नवी नाही, आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या मशीनवर हे विकायला काढलं होतं. आज ते आपल्या टेबलावर फुकट मिळतं इतकंच.

मी काही इंजिनियर नाही. जर्नालिझमचा डिप्लोमा, वीस वर्षं बातम्या. पेजमेकर आणि श्रीलिपीत पानं लावून हाताला घट्टे पडलेत. माझं मशीन चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम. रविवारी जेवण करून बसलो, लाइट जाऊन परत येईपर्यंतची वीस मिनिटं धरून दोन-अडीच तासांत काम झालं. असं केलं:

१. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम उतरवला. आता तो ओरॅकल कंपनीकडे आहे, पण मूळ प्रोग्राम मोफत आणि खुला आहे. त्याच्याबरोबर 'एक्स्टेन्शन पॅक' नावाची जोडणी दिसते. तिचं लायसन वेगळं, फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत. ऑफिसवाल्यांनी ती घेऊ नका, तिच्याशिवाय काम होतं.

२. लिनक्स मिंटची फाइल उतरवली. या फाइलीला आयएसओ म्हणतात, साधारण तीन जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री लावून झोपा. फाइल त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, भलत्या लिंकवरून नको.

३. मशीन रिस्टार्ट करताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो आणि व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघितलं. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. माझ्याकडे ते बंद होतं. हे बंद असलं की पुढे सगळं अडतं आणि माणूस उगाच लिनक्सला शिव्या देतो.

४. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' दाबलं, नाव दिलं 'पाचोरा'. आयएसओ फाइल दाखवली. तिथे आपोआप इन्स्टॉल करण्याचा पर्याय येतो, तो वगळला, कारण मला प्रत्येक पायरी बघायची होती. मेमरी दिली तीन जीबी, दोन प्रोसेसर, हार्डडिस्क पंचवीस जीबी. ही पंचवीस जीबी लगेच खर्च होत नाही, जसं भराल तशी वाढते.

५. 'स्टार्ट'. मिंट उघडलं. पडद्यावरच्या 'इन्स्टॉल'वर क्लिक. भाषेच्या यादीत खाली खाली गेलो तर चक्क 'मराठी'. वेळेसाठी कोलकाता निवडलं.

६. मग ते वाक्य आलं ज्याने माझाही हात थबकला: 'डिस्क पुसून टाका आणि इन्स्टॉल करा'. इथे घाबरू नका. पुसली जाते ती आतली खोटी डिस्क. पण नीट लक्षात ठेवा, हेच वाक्य खऱ्या कम्प्युटरवर आलं तर ते खरी डिस्क पुसतं. तिथे आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून ठेवायचा, मगच हात लावायचा.

७. नाव, पासवर्ड, चहा. वीसेक मिनिटांत रिस्टार्ट. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडला, इन्स्क्रिप्ट पण आहे आणि फोनेटिक पण. लिब्रेऑफिस आधीच बसलेलं. पहिलं वाक्य टाइप केलं: 'मी पाचोऱ्याहून लिहितोय.' युनिकोडमध्ये, वेलांटी-रफार सगळं जागेवर.

८. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. 'स्नॅपशॉट' घेतला. म्हणजे या क्षणी हे मशीन जसं आहे तसा त्याचा फोटो. पुढे काहीही झालं तरी 'रिस्टोर' दाबा, मशीन या क्षणावर परत.

दुसऱ्या दिवशी भाचा आला, नववीत आहे. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "हे मोड."

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. "मामा, खरंच?"

"खरंच. काय वाट्टेल ते कर."

आधी भीत भीत. मग रंग बदलले. मग पॅनल उडवलं. मग कुठून तरी आज्ञा शोधून त्याने सिस्टीमचं एक पूर्ण फोल्डरच पुसलं. मशीन परत चालू होईना, काळा पडदा. त्याचं तोंड उतरलं, म्हणे, "मामा, आते काय करानं?" मी रिस्टोर दाबलं. मिनिटभरात मशीन पहिल्यासारखं. त्यानंतर त्याने तीन वेळा मोडलं. चौथ्या वेळी विचारलं, "पण ते फोल्डर पुसल्यावर चालू का नाही झालं? त्यात काय असतं?"

मित्रांनो, हा प्रश्न म्हणजे कम्प्युटरचं शिक्षण. 'स्टार्ट मेनूचे पाच उपयोग लिहा' हे नव्हे. आणि हा प्रश्न कुलपाच्या बाहेर उभं राहून कोणत्याच पोराला पडत नाही. सायकल शिकताना गुडघे फुटतात म्हणून कोणी सायकल माळ्यावर टाकत नाही. इथे तर गुडघाही फुटत नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते येणारच, म्हणून मीच मांडतो.

*"भाऊ, विंडोज फुकटच तर मिळतं. तो पोरगा येऊन टाकून देतो."*

तो टाकून देतो ती चोरीची कॉपी, क्रॅक मारलेली. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब वाचा: चोरीचा प्रोग्राम माहीत असून वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. ज्या शाळेच्या भिंतीवर 'सत्यमेव जयते' लिहिलंय तिथल्या कम्प्युटरला चोरीचं सॉफ्टवेअर शोभतं का? शिवाय त्या क्रॅकबरोबर आणखी काय घरात शिरलं हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

*"टॅली, पेजमेकर, श्रीलिपी लिनक्सवर चालत नाही."*

खरं आहे. विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाही. पीजेचा डबा ब्रॉडगेजवर चढत नाही, आपल्याइतकं हे कोणाला माहीत? मी स्वतः पानं लावण्यासाठी अजून विंडोजच वापरतो. दुकानदार, सीए, छापखानेवाले, डिजिटल सहीवर कामं करणारी ऑफिसं, यांना मी आजच उडी मारा असं म्हणत नाही. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासा, कोणतं काम होतं आणि कोणतं अडतं. उलटाही मार्ग आहे: मशीनवर लिनक्स आणि आत व्हर्च्युअल मशीनमध्ये लायसनवालं विंडोज, फक्त त्या एका प्रोग्रामसाठी. पण सातवीच्या पोराला टॅली लागते का हो? त्याला लिहायचंय, चित्र काढायचंय, गणित बघायचंय, स्क्रॅचमध्ये मांजर नाचवायचंय. स्क्रॅच, जिओजेब्रा, लहानग्यांसाठी जीकॉम्प्रिस, सगळं लिनक्सवर चालतं.

*"शाळेतले कम्प्युटर चार जीबीचे आहेत, त्यावर व्हर्च्युअल मशीन रडेल."*

बरोबर, रडेल. एका कम्प्युटरच्या पोटात दोन कम्प्युटर चालवायचे तर मेमरी लागते. आठ जीबी असली की चालतं. म्हणून तपासणी एकाच बऱ्या मशीनवर करा, सरांच्या लॅपटॉपवर करा. एकदा खात्री पटली की चार जीबीच्या मशीनवर हलकं लिनक्स थेट बसवा, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवूनही बघता येतं. आणि पोरांनी तेही मोडलं तर? परत बसवायला एक पेनड्राइव्ह आणि एक तास. आठवी-नववीची दोन पोरं स्वतः करतील. जळगावहून माणूस नको, बिल नको, सरांच्या नावाला धक्का नको.

*"एमएस-सीआयटीत विंडोजच शिकवतात, नोकरीत तेच विचारतात."*

हा खरा दुखरा मुद्दा. एमकेसीएल २००१ मध्ये उभं राहिलं, एमएस-सीआयटीही तेव्हाच आली. गावोगावच्या लाखो पोरापोरींनी त्यातून पहिल्यांदा माउस धरला, हे श्रेय त्यांचंच, ते कोणी नाकारू नये. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण 'कम्प्युटर शिकलो' म्हणजे एका कंपनीची बटणं कुठे असतात ते पाठ केलं. बटणांची जागा बदलली की आपलं प्रमाणपत्र कोरं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत सर्व्हर सांभाळायचे असतील तर तिथे लिनक्स विचारतात, आणि आपली बीसीए झालेली पोरं तिथे पहिल्यांदा काळा पडदा बघतात. व्हर्च्युअल मशीन घरी करून बघितलेलं पोरगं त्या मुलाखतीत तरी थरथरणार नाही.

"दुसरीकडे कुठे झालंय का हे?" झालंय.

केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांसाठी २००१ च्या सुमारास आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत तो पूर्ण मोकळ्या सॉफ्टवेअरवर गेला. २०१७ मध्ये त्याची 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती त्यांनी बनवली, तिच्यात मल्याळम, शाळेची पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण सगळं जोडलं. दोन लाखांवर कम्प्युटर त्यावर. २०१९ मध्ये त्यांनी लायसनचे वाचलेले पैसे सांगितले तीन हजार कोटी. आकडा त्यांचा आहे, बाजारभावाने काढलेला. त्यातला निम्मा सोडून दिला तरी डोळे पांढरे होतात. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे २०१८ पासून तिथे शाळेशाळेत 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. तिथे पोरांच्या हातात कम्प्युटर आहे, किल्ली आहे.

केरळ लांब वाटतं? मग आपलं महाराष्ट्रातलं घ्या. देशभरच्या जिल्हा-तालुका न्यायालयांत तारखा आणि निकाल ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते एनआयसीच्या पुण्यातल्या लोकांनी मोकळ्या सॉफ्टवेअरवर बनवलं, आणि ई-कोर्ट प्रकल्पाने न्यायालयांसाठी उबुंटूच वापरलं. म्हणजे तुमची तारीख ज्या व्यवस्थेत लागते ती लिनक्सची सवयीची. न्यायाधीशांना चालतं, आपल्या पोरांना का नको?

सीडॅक, मुख्यालय पुण्यात. त्यांची 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स ही डेबियनवर बेतलेली लिनक्स २००७ पासून आहे. त्यात शाळांसाठी वेगळी 'एज्युबॉस' आवृत्ती आहे. सरकारी पैशाने बनवलेली, आपल्या भाषांसह. तुमच्या गावातल्या किती शाळांना तिचं नाव माहीत आहे, विचारून बघा. केंद्राने २०१५ मध्ये धोरण काढलं की सरकारी कामात मोकळ्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं. राज्यांनी स्वीकारायचं की नाही ही राज्यांची मर्जी ठेवली, आणि मर्जी कुठे अडते हे आपण रोज बघतो.

मग आपल्याकडे का होत नाही?

कारण फुकटच्या गोष्टीचं टेंडर निघत नाही. नवीन कम्प्युटर घेतले की निविदा येते, पुरवठादार येतो, फोटो येतो, बातमी येते. मीही तसल्या बातम्या लावल्यात, कबूल करतो. 'अमुक शाळेत संगणक कक्षाचे उद्घाटन', चार ओळी, फोटोत चौदा जण. सहा महिन्यांनी तिथे जाऊन 'आज किती पोरं या कक्षात बसली?' ही बातमी मी कधी केली नाही. चूक माझीही आहे.

केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ ला आली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती ठेकेदाराकडे पाच वर्षांच्या कराराने दिली. करार संपला, शिकवणारा गेला, डबे राहिले. आता त्या डब्यांचं काय करायचं हा प्रश्न आला की उत्तर एकच, निर्लेखन.

आणि मुख्याध्यापकांना मी व्हिलन करत नाही. ज्या व्यवस्थेत कम्प्युटर धूळ खाऊन मेला तर कोणी विचारत नाही, पण पोराने वापरताना बिघडला तर सरांच्या खिशाला हात, तिथे कोणताही शहाणा माणूस कुलूपच लावेल. बदलायचा आहे तो हा नियम.

म्हणून माझ्या चार मागण्या. जिल्हा परिषद, पंचायत समिती, संस्थाचालक आणि सरपंच, सगळ्यांना.

एक. पाचोरा-भडगावमधला एकही चालू कम्प्युटर 'विंडोज टेन बंद झालं' एवढ्या कारणावरून निर्लेखित करू नका. आधी त्यावर लिनक्स चालवून बघितल्याची एक ओळ प्रस्तावात पाहिजे. चालला नाही, तर खुशाल काढा.

दोन. ग्रामपंचायतीच्या नाहीतर संस्थेच्या निधीतून नवीन खरेदी करण्याआधी जुन्यांची मोजदाद गावासमोर मांडा. किती आहेत, किती चालू आहेत, शेवटचे कधी लावले.

तीन. विद्यार्थ्याच्या वापरात सॉफ्टवेअर बिघडलं तर त्याची जबाबदारी मुख्याध्यापकावर नाही, असं लेखी पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांनी काढावं. हार्डवेअर वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. सॉफ्टवेअर एका तासात परत येतं.

चार. प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास 'मोडण्याचा तास'. एक मशीन, एक स्नॅपशॉट, पोरं मोडतील आणि पोरंच दुरुस्त करतील. शिक्षक सोबत शिकतील, त्यात लाज कसली?

पालकांनो, तुम्हाला एकच काम. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा: आपल्या शाळेत कम्प्युटर किती? माझ्या पोराने मागच्या महिन्यात त्याला किती वेळा हात लावला? किल्ली कोणाकडे असते? उत्तर गोलगोल आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. लिहून द्यायला मी बसलोय.

पीजे बंद पडली तेव्हा आपण निवेदनं दिली, आंदोलनं केली, कारण तिच्यात आपल्या लोकांचं जाणं-येणं होतं. संगणक कक्षाचं दार बंद आहे तेव्हा आपल्या पोरांचं कुठेतरी जाणं बंद आहे. त्याचा आवाज होत नाही, स्टेशनवर गर्दी दिसत नाही, म्हणून ते कमी गंभीर नाही.

मी माझ्यापासून सुरुवात करतो. पुढचे चार रविवार, संध्याकाळी पाच ते सात. लॅपटॉप आणि आठ जीबीच्या वरचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या. आयएसओ माझ्याकडे उतरवलेली आहे, तुमचा डेटा खर्च होणार नाही. शिक्षक असाल तर चहा माझ्याकडून. कुठे बसायचं ते कमेंटमध्ये ठरवू, ज्याच्याकडे जागा आणि इन्व्हर्टर असेल त्याने सांगा.

आणि ते मुख्याध्यापक सर, तुम्ही ही पोस्ट वाचत असणारच. रागवू नका. निर्लेखनाचा प्रस्ताव पंधरा दिवस टेबलावरच राहू द्या. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, तुम्ही फक्त किल्ली आणा. दहापैकी चार मशीन जरी उठले तरी सोमवारी चाळीस पोरं आत बसतील.

पटलं असेल तर शेअर करा. नसेल पटलं तर कुठे चुकलो ते कमेंटमध्ये स्पष्ट लिहा. तुमच्या शाळेत कक्ष उघडा असेल आणि पोरं खरंच बसत असतील तर तेही लिहा, ती बातमी मी पहिल्या पानावर लावतो.